कोरं सारवण

तो मंगळवार होता. बुधवारी मन्मथअप्पा नव्हते. पण मंगळवारी होते, आणि सेलूच्या जिनिंगमागच्या रानात जमिनीवर पालथे पडून एका भेगेत डोकावत होते. त्यांची मुलगी भागम्मा घरातला आरसा हातात धरून भेगेत ऊन पाडत उभी होती.

"जरा डावीकडं घे, माय."

तिनं आरसा डावीकडं वळवला.

"तुझं डावं न्हाई. भेगेचं डावं."

भेगेचं डावं कोणतं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. भागम्मा आरसा फिरवत राहिली. शेवटी खालून "हां!" आलं. अप्पांनी टोकाशी वाकवलेली लांब तार आत सोडली, जीभ दातांत धरून ती फिरवली, आणि ढेकळांसकट एक पांढरा चेंडू वर काढला. धोतराला पुसून तो उन्हात धरला, मग शेजारच्या मडक्यात टाकला.

"तेवीस," ते म्हणाले. "यंदा पीक बरं हाय."

रान गोल्फाचं होतं. जिनिंगच्या मॅनेजर साहेबांनी विलायतेतून एक पुस्तक आणि दोन पिशव्या काठ्या आणल्या होत्या, आणि कापसाच्या गंज्यांमागची काळी जमीन अडवून तिथं सहा गल पाडले होते. विटीदांडूला असतो तसा गल; फक्त साहेब लोक त्यात विटीऐवजी चेंडू घालतात आणि त्यासाठी मैलभर चालतात, एवढं गावाला कळलं होतं. काळ्या जमिनीचं काय होतं हे मात्र पुस्तकात नव्हतं. माघ सरता सरता ती फाटायला लागे. फाल्गुनात भेगांमध्ये हात जाई, चैत्रात पाय. साहेबांनी मारलेला चेंडू आभाळातून झोकात येई, जमिनीवर दोन उड्या मारी आणि तिसऱ्या उडीला पृथ्वीच्या पोटात जाई. तहसीलदार साहेब शेरवानीत खेळायला येत. ते अशा वेळी भेगेपाशी उभे राहून डोक्यावरची टोपी काढत.

म्हणून शिवरात्र झाली की अप्पांचं काम सुरू होई. भेगांतले चेंडू काढायचे, भेगा बुजवायच्या, धुम्मस घालून जमीन ठोकायची, आणि सहाही गलांभोवतीची अंगणं नव्यानं करायची. या अंगणांसाठी पुस्तकात वाळू आणि तेल सांगितलं होतं. जमिनीला तेल पाजायचं ही गोष्ट अप्पांना पटली नाही. त्यांनी शेणानं सारवायला सुरुवात केली. चेंडू सारवणावरून असा सुळसुळत जाई, की साहेबांनी पहिल्या वर्षी तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या वर्षी गप्प बसले.

इतर गोष्टींवर मात्र ते गप्प बसत नसत. एका वर्षी अप्पांनी भेगा बुजवायला जिनिंगमधला झाडून काढलेला कचरा वापरला. कचऱ्यात सरकी होती. पंधरा दिवसांनी अवकाळी पाऊस आला आणि पहिल्या गलापासून दुसऱ्या गलापर्यंत भेगाभेगांतून हिरवीगार पऱ्हाटी उगवली. दुसऱ्या एका वर्षी रेल्वेनं रूळ वाढवले त्यात तिसरा गल गेला, आणि तो नव्यानं पाडायची वेळ आली. नकाशात अंतर दीडशे गज लिहिलं होतं. अप्पांचा गजावर विश्वास नव्हता. बाजारात प्रत्येक कापडवाल्याचा गज वेगळा. स्वतःचं पाऊल तेवढं रोज सारखं. त्यांनी टाचेला बोट लावत दीडशे पावलं मोजली आणि तिथं गल पाडला. तेव्हापासून तिसऱ्या गलात तहसीलदार साहेबांचाही चेंडू एका फटक्यात जाऊ लागला.

साहेबांना मराठी येत नव्हतं आणि अप्पांना इंग्रजी. साहेबांच्या हिंदुस्तानीत 'लाओ' आणि 'हटाओ' असे दोनच शब्द होते. त्यामुळं जे काही सांगायचं ते साहेब चिठ्ठीवर लिहीत, चपराशी लिंबाजी ती घेऊन येई, आणि भागम्मा वाचून दाखवी. ती जालन्याला मावशीकडं राहून मिशनच्या शाळेत शिकली होती. लग्नानंतर दोन वर्षांत परत आली, त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. आता ती सरकारी कन्याशाळेत शिकवायची, हजेरी उर्दूत घ्यायची, आणि तिच्या ट्रंकेत तीन भाषांची पुस्तकं होती. एवढ्या शब्दांतले अप्पांच्या वाट्याला फार थोडे येत. जेवायला चला, औषध घ्या, उन्हात बसू नका. अप्पांचंही तसंच. त्या घरात तोंडावर कुणी कुणाला चांगलं म्हणत नसे. ते परक्या माणसांचं काम होतं.

चिठ्ठ्या अकरा वर्षं येत होत्या. पहिल्या चिठ्ठीत साहेबांनी लिहिलं होतं, 'तुमचा बाप पहाटेपासून बैलासारखा राबतो आणि शेवटी जे उभं करतो ते बैलानंच केल्यासारखं दिसतं.' भागम्मानं वाचलं, "साहेब म्हणतात, तुमचा बाप पहाटेपासून बैलासारखा राबतो." आणि चिठ्ठीची घडी घातली.  त्या दिवशी अप्पा संध्याकाळी एक भाकर जास्त जेवले.

ती भाकर भागम्माच्या लक्षात राहिली. त्यानंतर तिनं खोटं असं कधी वाचलं नाही. जेवढं कामाचं होतं तेवढं वाचलं, आणि उरलेलं घडीच्या आत ठेवलं. पऱ्हाटी उगवली तेव्हा साहेबांनी लिहिलं होतं, 'असं दृश्य मी जन्मात पाहिलेलं नाही.' ते तिनं जसंच्या तसं वाचलं. पुढची सात वाक्यं वाचली नाहीत. तिसऱ्या गलाला साहेब 'खैरात' म्हणत. तिनं सांगितलं, "साहेब म्हणतात, तिसरा गल म्हणजे देणगी हाय." अप्पा सगळ्या चिठ्ठ्या देवळीत, विभूतीच्या डबीखाली जपून ठेवत.

आणि मग रांगोळीचं झालं. सारवायला बायनाबाई यायची. तिची म्हैसही बरोबर यायची, कारण शेण तिचंच होतं. पाडव्याच्या सुमाराला सहाही अंगणं ताजी सारवून झाली की बायनाबाई डबीतली रांगोळी काढून प्रत्येक गलाभोवती ठिपके मांडायची. सारवलेलं अंगण कोरं ठेवणं तिच्या हाताला माहीतच नव्हतं. गेल्या वर्षी तिनं तिसऱ्या गलाभोवती आठ पाकळ्यांचं कमळ काढलं. साहेबांनी लिहिलं, 'त्या फुलावरून माझी नजर हटेना. सिकंदराबादच्या पाहुण्यांचीही हटेना, आणि त्यामुळं वीतभर अंतरावरून त्यांचा चेंडू चुकला.' भागम्मानं वाचलं, "साहेबांची नजर फुलावरून हटंना. सिकंदराबादच्या पाहुण्यांचीबी हटंना."

अप्पा वर्षभर हे वाक्य गावात सांगत होते.

तर, त्या मंगळवारी तेवीस चेंडू झाल्यावर लिंबाजी आला. दुरूनच चिठ्ठी हलवत आला.

"बाई, साहेबानं दिली. लिहिताना टाक मोडला, दुसरा मागवला."

भागम्मानं चिठ्ठी उघडली. 'रविवारी सामना आहे. सिकंदराबादचे पाहुणे पुन्हा येत आहेत. मला गलांभोवती सपाट, साफ, कोरी जागा पाहिजे. या वर्षी एकही फूल, वेल, ठिपका किंवा पक्षी दिसला, तर म्हाताऱ्यानं सोमवारपासून येऊ नये. हे मी शेवटचं लिहितो आहे.'

"रविवारी मॅच हाय," भागम्मानं वाचलं. "सिकंदराबादेचे पाहुणे पुन्हा यायलेत."

"आन फुलाचं?" अप्पांनी विचारलं.

"फुलाचं..." ती थांबली. "फुलाचा उल्लेख हाय."

"बघ बायना!" अप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले. "म्या म्हणलं न्हवतं? सायब फूल इसरला न्हाई."

बायनाबाई शेणाचं टोपलं उतरवत होती. ती हरखली. "यंदा मोर काडते. जोडीनं. पिसारा आख्ख्या अंगनभर."

भागम्मानं चिठ्ठीची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच घडीत मावणार नाही असं काही तिच्या हातात होतं. अप्पांचं वय अडुसष्ट. जमीन कधी नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबून शेवटी हे एक रान मिळालं होतं, जिथं चेंडू पिकत होते आणि मालक खूश होता.

"यंदा साधंच ठेवू," ती म्हणाली.

"साधं म्हंजे?"

"म्हंजे सारवायचं. आन तसंच ठिवायचं."

बायनाबाईनं कमरेवर हात ठेवले. "कोरं? सारवून कोरं? अप्पा, तुमची लेक काय बोलायली बघा. अवो मास्तरीणबाई, सारवून कोरं कवा ठिवतेत म्हाईत हाय का? मानूस गेल्यावर. ह्या गलात कोन मेलंय?"

"चेंडू मेलेत तेवीस," लिंबाजी म्हणाला.

"तू गप रे!"

"मला वाटतं, साहेबांना बदल आवडंल," भागम्मा म्हणाली.

"सायबाला काय आवडतं ते सायबानं लिवलंय की," अप्पा म्हणाले. "तूच वाचलंस. आता सायबापेक्षा तुला जास्त कळायलंय का?"

 स्वतःच्याच हातांनी तिनं ही भेग इतकी बुजवली होती, की आता कुठून उघडावी ते कळेना. म्हैस चौथ्या गलाच्या अंगणात जाऊन बसली, तिला उठवण्यात उरलेली दुपार गेली. अप्पांनी शेपूट धरलं, लिंबाजीनं शिंगं, आणि बायनाबाईनं म्हशीची बाजू घेतली. "थकली असंल. सगळं शेन तिनंच दिलंय न्हवं?"

संध्याकाळी भागम्मा अप्पांच्या पायांना राळेचा मलम लावत होती. रानासारख्याच त्यांच्या टाचा या दिवसांत फाटत. प्रत्येक भेगेत मलम भरायचा, बोटानं दाबायचा, वरून फडकं बांधायचं. दिवेलागण व्हायची होती. आता सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. पहिलं वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

"अप्पा, एक सांगायचं होतं."

"सांग की."

तिनं एक भेग भरली.

"आकरा सालं झाली बघ," अप्पाच म्हणाले. "आप्पासायब पाटलाच्या रानात इस वर्सं राबलो, एक डाव मान वर करून बघितलं न्हाई त्येनं. आन हा सात समुद्रापल्याडचा मानूस. ना भाषा कळती, ना जात. पर काम कळतं त्येला. कधी एक वाकडा शब्द न्हाई लिवला." मग म्हणाले, "काय सांगायचं होतं तुला?"

भागम्मानं दुसऱ्या टाचेला हात घातला.

"काही न्हाई. पाय हलवू नका."

बुधवारी सकाळी अप्पा अंघोळ करून पूजेला बसले. डाव्या तळहातावर लिंग घेतलं, बेलाचं पान वाहिलं, आणि तसेच बसून राहिले. भागम्मा दूध घेऊन गेली तेव्हा पान ओलं होतं.

लिंगायतांची दफनभूमी गोल्फाच्या रानाला लागूनच होती, तिसऱ्या गलाच्या पलीकडं, बाभळीच्या कुंपणाआड. माणसाला बसवून माती द्यायची आणि खड्डा त्याच्याच पावलांनी मोजायचा, अशी रीत. स्वामींनी अप्पांच्या पावलाएवढी काडी घेतली आणि नऊ पावलं मोजली. काडी घेताना टाचेचं फडकं सोडावं लागलं. दोन भेगा भरलेल्या होत्या, एक राहिली होती. लिंबाजी खड्डा खणत होता, डोळे पुसत होता आणि मधूनच मातीत चेंडू निघतो का ते सवयीनं बघत होता. भागम्मा कडेला उभी होती. अप्पांच्या पावलांचं माप या एका ठिकाणी कुणाला कमी पडलं नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्या क्षणी हसू आलं याची तिला लाज वाटली नाही. अप्पा खड्ड्याच्या भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात मांडी घालून बसले. भेगेत डोकावताना असत तसे, मान जराशी पुढं.

शुक्रवारी ती रानात गेली. शेजारच्या बायका कुजबुजल्या, पण काम अर्ध्यावर होतं. रविवारच्या आत गल झाले नाहीत, तर अप्पांनी काम अर्धवट सोडलं असं साहेब लिहितील, आणि ती चिठ्ठी ऐकायला घरात कुणी नसलं तरी तिला वाचावी लागेल.

बायनाबाई आधीच आली होती. दोघींनी मिळून भेगा बुजवल्या, धुम्मस घातली. भागम्माच्या हातांना फोड आले. शनिवारी सहाही अंगणं सारवली. चौथं सारवून होतं न होतं तोच म्हैस त्यावरून चालत गेली आणि पार मधोमध चार खुरांचे ठसे उमटवून मागं वळून बघत उभी राहिली.

"रांडे!" बायनाबाई ओरडली. "अप्पा जाऊन चार दिस न्हाई झाले, तुला नाचायला पायजे?" आणि तिनं पोतेरं पुन्हा बुडवलं.

ऊन कललं. बायनाबाईनं हात धुतले, पदराला पुसले आणि बांधावर बसली. रांगोळीची डबी तिच्या कमरेला तशीच होती.

भागम्मा वाट बघत होती. मोर काढू नका, हे आता कुणासाठी सांगायचं, ते तिला समजत नव्हतं. सोमवारी येऊ नये असं ज्याला सांगायचं, तो बुधवारीच गेला होता. काढू देत. जोडीनं काढू देत.

"रांगोळी न्हाई काढणार?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"आमच्यात सुतक धरत न्हाईत, बायनाबाई."

"तुमच्यात न्हाई, म्हाईत हाय मला. स्वामी सांगत होते, शिवाकडं गेलेल्याचं सुतक कसलं." तिनं नाक पुसलं. "माझ्यात हाय. धा दिस. माझं मी धरीन की, तुमाला काय करायचंय?"

सहा अंगणं उन्हात वाळत होती. सपाट, साफ, कोरी.

रविवारी भागम्मा रानाकडं गेली नाही. दुपारी लिंबाजी धापा टाकत दारात आला. चिठ्ठी या वेळी जाड कागदावर होती. शाई कुठं फुटली नव्हती.

'अकरा वर्षांत पहिल्यांदा सगळं जसं हवं तसं आहे. इतकी सुंदर जागा सिकंदराबादेतही नाही, असं पाहुणे म्हणतात. म्हाताऱ्याला अखेर समजलं. त्याला माझी शाबासकी सांगा.'

तिनं चिठ्ठी दोनदा वाचली.

"साहेबांना कुणी सांगितलं न्हाई का, लिंबाजी?"

"म्या सांगितलं की, बुधवारीच. हात जोडून, वर आभाळाकडं दावून सांगितलं. सायबानं वर बघितलं आन म्हणले, 'लाओ.'" लिंबाजीनं पायांकडं बघितलं. "मी छत्री नेऊन दिली."

भागम्मा पायात चपला घालून निघाली. तिसऱ्या गलापाशी हिरवळीवर असावी तशी माणसं उभी होती, टाळ्या वाजत होत्या. कुणाचा तरी चेंडू एका फटक्यात गेला होता. ती बाभळींच्या आड गेली. ताज्या मातीचा ढीग वाळून फिकट झाला होता आणि कडेला पहिली बारीक भेग पडली होती. तिनं ती अंगठ्यानं दाबून बुजवली.

मग ती ढिगाशेजारी बसली आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लागली. मधे कुठंही घडी न घालता, 'म्हाताऱ्याला' या शब्दासकट, शेवटपर्यंत.

वरून काहीतरी सुळकन आलं, बाभळीच्या फांदीला लागलं आणि तिच्या पायाशी येऊन थांबलं. कुंपणापलीकडं पाहुणे हात हलवून काहीतरी ओरडत होते. भागम्मानं चेंडू उचलला, पदराला पुसला आणि मातीवर ठेवला.

"चोवीस," ती म्हणाली.

पाहुणे आणखी थोडा वेळ ओरडले आणि दुसरा चेंडू घ्यायला गेले.

"अप्पा, ही पहिली हाय," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण वर्गात असतो तसा नव्हता. "याच्या आधी साहेबांनी तुमाला एकदाबी चांगलं म्हणलं न्हाई. लय वंगाळ लिहायचे. चांगलं म्हणायचे ते मी. साहेबाचं नाव घेऊन म्हणायचे, कारण माझ्या नावानं मला म्हणता यायचं न्हाई. आन ही शाबासकी खरी हाय, पण चुकीची हाय. त्यांना कोरं आवडलं."

तिनं चिठ्ठी मातीत खोचली.

"मला तुमचं काम लय आवडायचं, अप्पा. पहिल्यापासून. पऱ्हाटी आवडली, दीडशे पावलं आवडली. आन फुलासकट आवडायचं."